साडेतीन सूत

आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाने परदेशात सेवाकार्याला जायचं ठरवलं, तेव्हा त्यांना सोबत एक जाणता माणूस हवा होता आणि एक सुतार हवा होता. पाळकांनी विचार केला की मी गेलो तर एकाच तिकिटात दोन्ही भागतील. जाणतेपणाबद्दल मला स्वतःला शंका होती, सुतारकामाबद्दल नव्हती. चाळीस वर्षं मी लाकूड तासतोय. माझा देवावर विश्वास आहे, पण काटकोन तपासायच्या गुण्यावर जरा जास्त आहे. काटकोन जुळला की जुळला, त्यात वाद घालायला जागा नसते.

काम साधं होतं. समुद्रापलीकडच्या एका गावात आमच्यासारखीच एक लहानशी मंडळी होती आणि त्यांच्या उपासनेच्या खोलीत बसायला काही नव्हतं. लाकूड त्यांचं, हात आमचे. दोन आठवड्यांत दहा खुर्च्या.

"दहाच?" मी ताईला विचारलं. ताई म्हणजे संघाची पुढारी, एरवी शाळेत गणित शिकवते.

"पत्रात दहाच लिहिलंय," ती म्हणाली.

मुलंही दहाच निघाली होती. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं, एकेकाच्या हाताखाली एकेक खुर्ची देता येईल म्हणून.

त्या दहांत माझी भाची होती. वय एकोणीस. मी तिला ठकी म्हणतो, कारण ती तीन वर्षांची असताना मी तिला एक लाकडी ठकी करून दिली होती आणि त्या दोघी सारख्याच गोल, गप्प आणि हट्टी होत्या. मी "ठकी" अशी हाक मारली की ती "बोल, लाकूडतोड्या" म्हणते. माझ्या बहिणीला हे अजिबात खपत नाही. मामाला अरे-तुरे चालेल, पण लाकूडतोड्या म्हणजे फारच झालं, असं तिचं मत. आम्ही दोघंही तिकडे लक्ष देत नाही.

ठकीचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड आहे. ते माझ्यामुळे. ती सहा वर्षांची असताना माझ्या कारखान्यात खेळत होती. मी सागवानी फळ्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या आणि दोरी न बांधता चहा प्यायला गेलो होतो. नवशिक्या पोरानेही अशी चूक केली तर मी त्याला दिवसभर फैलावर घेतो. हाड जुळलं, पण पाय तेवढा मागे राहिला. बहीण मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून दरवर्षी मी ठकीच्या उजव्या बुटात घालायला लाकडाची एक पाचर तासतो. सध्याची पाचर साडेतीन सूत जाडीची आहे. इंचाचे आठ भाग केले की एक सूत होतं, त्यातले साडेतीन. हे माप फक्त मला ठाऊक आहे आणि तिच्या पायाला. ती घातली की चालताना इतरांना काही कळत नाही. मला कळतं. हजार पावलांत मी तिची पावलं ओळखीन, एक भरलेलं आणि एक अर्धं.

निघताना बहीण म्हणाली, "तुझ्या हवाली करतेय."

"नेली तशी आणून देईन," मी म्हणालो.

*

उपासनेची खोली गावाच्या टोकाला होती. लांबट, पांढरा रंग दिलेली, खिडक्या उंचावर. जमीन लाकडी फळ्यांची आणि खाली पोकळ, त्यामुळे कुणी आलं-गेलं की सगळी खोली बोलायची. आत एक उंच मेज, भिंतीवर एक साधा क्रूस, दाराजवळ जुना काळा टेलिफोन आणि बाकी नुसती मोकळी जागा. मागच्या अंगणात छपराखाली लाकूड रचून ठेवलं होतं. मी एक फळी उचलून वास घेतला, नखाने दाबून पाहिली. निदान पाच वर्षं वाळवलेलं लाकूड. अशा लाकडासमोर सुताराला बरं बोलण्याशिवाय गत्यंतर नसतं.

तिथला कारभार एका म्हाताऱ्या बाईंकडे होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून पहिल्याच दिवशी मुलांनी त्यांचं नाव किल्लीवाली ठेवलं. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांनी मला कोपऱ्यात नेलं. तिथे दहा काठ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. हात लागून लागून काळ्या झालेल्या, एकेका काठीवर चार-पाच खाचा. मला सांगायची गरज पडली नाही. माझे वडीलही आकड्यांऐवजी अशाच काठ्या वापरत. ही खाच बैठकीची उंची, ही रुंदी, ही पाठ, ही पुढच्या, पाय ठेवायच्या फळीची. एक काठी, एक खुर्ची.

"सगळ्यांची मापं वेगळी का?" मी विचारलं.

"माणसं एका मापाची असतात का?" त्या म्हणाल्या.

"मग ती माणसं कुठेत? एकदा बघितली असती तर बरं झालं असतं."

"येतील."

काठ्या त्यांच्या आजीच्याही आधीच्या होत्या, असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. जुन्या वस्तूचं वय सांगताना लोक हात सैल सोडतात, हा माझा अनुभव आहे. जाता जाता त्या वळल्या आणि सावकाश, शब्द शोधत म्हणाल्या, "खुर्च्या करा. बसून बघू नका."

मी हो म्हणालो. नवीन वस्तू आधी देवापुढे ठेवायची असेल, असा मी अर्थ लावला. पण खरं सांगायचं तर तेव्हाच मी मनात ठरवलं होतं की हे काही मी ऐकणार नाही. आमच्या घराण्याची खुर्ची बिनखिळ्याची असते. खाचेत खाच बसवायची आणि त्यावर माणूस बसवायचा. माणसाचं वजन पडलं की सांधे आपापल्या जागी जातात आणि चारी पायांना जमीन सापडते. त्यानंतर ती खुर्ची सुटी करायला कुऱ्हाडच लागते. माणूस न बसवता खुर्ची देणं म्हणजे मीठ न चाखता जेवण वाढणं. वडील गेले तरी ही सवय मी सोडली नव्हती.

पहिली खुर्ची तिसऱ्या दिवशी उभी राहिली. सगळ्यात उंच काठीची. मी हाताशी होता त्या मुलाला बसवलं. त्याला सगळे शिडी म्हणत, कारण तो आकाशकंदिलाला हात लावील इतका उंच होता आणि तसाच कुठेही टेकून उभा राहायचा. तो बसला. पाठ पाठीला लागली, गुडघे काटकोनात, पावलं फळीवर सपाट.

"काका, माझं माप घेऊन बनवली की काय?" तो म्हणाला.

सांध्यांनी एक बारीक आवाज केला आणि खुर्ची घट्ट झाली. मी खूश झालो.

शिडीला गाण्याचा फार सोस होता आणि देवाने त्याला गळा दिला होता तो म्हशीचा. प्रार्थनेच्या गाण्यात तो एकटा वेगळ्याच रस्त्याने जायचा. आम्ही सगळे हसायचो, तोही हसायचा आणि आणखी मोठ्याने गायचा. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत तो सुरात गायला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकही सूर इकडचा तिकडे नाही. ताईने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"सराव केला असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या खुर्चीवर नखं खाणारी मुलगी बसली आणि तिच्या बोटांना आठवड्याभरात नखं आली. तिसऱ्या खुर्चीवर अंधाराला भिणारा एक जण बसला, तो एकटाच खालच्या तळघरातून सामान आणायला लागला. चौथ्या खुर्चीवर रेडिओ बसला. रेडिओ हे नाव त्याला चिडवायला पडलं होतं, कारण त्याच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडेपर्यंत आपला चहा गार व्हायचा. पहिलं अक्षर चार-चार वेळा अडायचं. त्या रविवारी तो सगळ्या मंडळीपुढे उभा राहिला आणि त्याने आपल्या विश्वासाची अस्खलित साक्ष दिली, दहा मिनिटं. ताई रडली. गावातली मंडळी भिंतीलगत उभी राहून ऐकत होती. भली माणसं होती ती, आमच्यासाठी सूप आणि पाव आणायची. खुर्च्या रांगेत मांडून ठेवलेल्या असूनही त्यांच्यातलं कुणीही बसलं नाही.

"प्रभूने काम केलं," ताई मला म्हणाली.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण प्रत्येक खुर्ची कुणाला तरी तंतोतंत बसत होती. मी मुद्दाम सहाव्या खुर्चीवर भलत्याच मुलाला बसवून पाहिलं. त्याची पावलं लोंबकळत राहिली. मग ती ज्याची होती तो आपणहून पुढे आला आणि त्याचं माप जुळलं. काठ्यांचं लाकूड शंभर वर्षांचं नसेल, पण खाचांच्या आत साठलेला मळ काही कालचा नव्हता. एवढं मला डोळ्यांना दिसत होतं.

*

आठव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते आणि मी पटाशी विसरलो म्हणून परत आलो. लख्ख ऊन होतं. उंच खिडक्यांतून आलेला उजेड जमिनीवर चौकोन पाडून बसला होता. खोलीत कुणी नव्हतं, फक्त सात खुर्च्या, क्रूसाकडे तोंड करून.

कुणीतरी गुणगुणत होतं.

मी दारातच थांबलो. प्रार्थनेचंच गाणं होतं, पण वेगळ्याच रस्त्याने चाललेलं, बेसूर आणि मनापासून. मी हाक मारली, "शिडी?" अंगणात जाऊन पाहिलं. शिडी पलीकडच्या घरात बाकीच्यांबरोबर सूप पीत होता, खिडकीतून मला त्याची मान दिसत होती. मी परत आत आलो. गाणं संपत आलं होतं. ते संपलं, आणि चौथ्या खुर्चीच्या बाजूने कुणीतरी हळूच म्हणालं, "आ-आ-आ-आमेन."

मी पटाशी उचलली आणि बाहेर आलो. पाण्याची बाटली उघडायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला.

मी भित्रा माणूस नाही आणि खुळाही नाही. म्हणून मी सुताराने करावं तेच केलं, उरलेल्या तीन काठ्या घेऊन उन्हात बसलो आणि मोजायचा टेप लावला. आठवी काठी साधी होती. नववीही साधीच. दहाव्या काठीवर पाय ठेवायच्या फळीसाठी एकाऐवजी दोन खाचा होत्या, एक डाव्या पायाची आणि एक उजव्या. उजवी थोडी वर. मी दोन्हींमधलं अंतर मोजलं. टेपवर विश्वास बसेना म्हणून ठकीला हाक मारून तिची पाचर मागून घेतली आणि खाचांवर धरली.

दोन्ही कडा जुळल्या.

"काय झालं रे?" ठकीने विचारलं.

"काही नाही. माप बघत होतो."

तिने काठीकडे पाहिलं, मग पाचरीकडे. ठकी माझ्याच हाताखाली शिकलेली. तिला काही सांगायला लागत नाही.

त्याच संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली की मी फार दमलोय. मुलांमधला बदल ती स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती, त्याला मी वाईट नाव का देतोय, हे तिला कळेना. तिचंही बरोबर होतं. रेडिओच्या आईने फोनवर त्याचं बोलणं ऐकलं होतं आणि ती हुंदके देत होती. आता या आईला मी काय सांगणार होतो?

मी वाद घातला नाही. मी फक्त ठरवलं की दहावी खुर्ची होणार नाही. आठवी आणि नववी मी बिनमापाची केली, दुकानात मिळते तशी, आणि कुणालाही बसू दिलं नाही. दहावी काठी गुडघ्यावर मोडली आणि अंगणात जाळली. किल्लीवाली दारात उभ्या राहून बघत होत्या.

"नऊ पुरेत," मी म्हणालो.

"काठी जाळली तरी माप जळत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट मला बरं वाटावं म्हणून बोलल्यासारखा तो मऊ होता. "मी तुम्हाला सांगितलं होतं. बसून बघू नका."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यानंतर मी ठकीला नजरेआड होऊ दिलं नाही. ती लाकूड घासत असली की मी शेजारी, ती भांडी धूत असली की मी शेजारी. दोन दिवस तिने सहन केलं. तिसऱ्या दिवशी हातातला घासायचा खरकागद खाली ठेवून ती म्हणाली, "मामा, सात जणांचं काहीतरी गेलं. माझं राहिलंच."

"जायचं काय आहे? तुझ्यात काही खोट नाही."

"खोट नाही तर दरवर्षी पाचर कशाला तासतोस?"

ती चिडली नव्हती.

"तू माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी माझ्या पायाकडे बघतोस," ती म्हणाली. "तेरा वर्षं. मला कंटाळा आलाय रे. पायाचा नाही. तुझ्या तोंडावरचं ते बघण्याचा."

मी तिला सांगायला हवं होतं की तुझी पावलं ऐकली की मला घरी आल्यासारखं वाटतं. तेव्हा सुचलं नाही. मी म्हणालो, "उद्या संध्याकाळी आपली बस आहे. घरी जाऊन बोलू."

*

शेवटच्या दिवशी दुपारी ताईने मला बसचं पक्कं करायला शहरात पाठवलं. मी ठकीला बरोबर घेणार होतो. ती म्हणाली पोट दुखतंय, ताई म्हणाली मी आहे ना. शहर तासाभरावर होतं. मी जाऊन यायला तीन तास लावले. येताना शेवटचं वळण मी जवळजवळ धावत पार केलं, या वयात.

खोलीचं दार उघडं होतं.

रांगेत दहा खुर्च्या होत्या.

दहावी मी केलेली नव्हती, पण हात माझ्याच घराण्याचा होता. खाचेत खाच, एकही खिळा नाही. पाय ठेवायची फळी दोन पातळ्यांची, उजवी बाजू वर. कापलेले भाग तिने दोन दिवस सगळ्यांच्या देखत माझ्याच शेजारी बसून घासले होते आणि मला वाटलं होतं ती आठव्या-नवव्या खुर्चीच्या पट्ट्या घासतेय.

ठकी खिडकीखाली उभी होती. अनवाणी.

"बसलीस?" मी विचारलं.

"हो मामा."

"माप कुठून आणलंस?"

"बुटात होतं की."

ती माझ्याकडे चालत आली. पोकळ जमिनीवर तिची पावलं स्वच्छ ऐकू आली. एक भरलेलं. दुसरंही भरलेलं. तिने माझ्या हातात पाचर ठेवली आणि म्हणाली, "आता नको."

मी पटाशी आणि हातोडी काढली. दहाव्या खुर्चीच्या सांध्यात पटाशी घातली आणि घाव घातला. पटाशीची धार तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. सांधा केसभरही हलला नाही, माणूस बसल्यावर तो हलत नसतोच. चार पाय धरून मी ती जमिनीवरून उचलायचा प्रयत्न केला आणि मला ती उचलता आली नाही. कुणीतरी बसलेली खुर्ची उचलताना लागतो तेवढा जोर लागत होता.

किल्लीवाली मला अडवायला आल्या नाहीत. बाहेर आमच्या भाड्याच्या बसचा हॉर्न वाजत होता. ताई मला हाका मारत होती. दहा मुलांना विमानतळावर पोचवायचं होतं, आणि त्यांचे आईबाप पलीकडे वाट बघत होते. मी हातोडी पिशवीत टाकली.

दारातून मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बसमध्ये चढलो नसतो.

*

बहिणीने ठकीला विमानतळाच्या दारातून चालत येताना पाहिलं आणि ती तिथेच खाली बसली. मग उठून तिने माझे दोन्ही हात धरले. तेरा वर्षांत तिने मला असं धरलं नव्हतं.

"नेली तशी आणीन म्हणालास," ती म्हणाली. "नेली त्याहून चांगली आणलीस."

पुढच्या रविवारी मंडळीत साक्षी झाल्या. शिडीने एकट्याने गाणं म्हटलं आणि कुणीही हसलं नाही. डॉक्टरांनी ठकीच्या पायाचे जुने आणि नवे एक्स-रे शेजारी लावले आणि जुने दुसऱ्याच कुणाचे असतील, असं सांगून टाकलं.

ती चांगली मुलगी आहे. आईला मदत करते, वेळेवर जेवते, माझी विचारपूस करते. मी कारखान्यात "ठकी" अशी हाक मारली, तर ती "हो मामा?" म्हणाली आणि हसरा चेहरा करून थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली. "हो मामा?" लाकडी ठकी कुठे ठेवलीय म्हणून मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "कुठली?" फळ्यांची गोष्ट मी तिला नव्याने सांगून पाहिली. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली की असं होतं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका. माझी भाची मला अहो-जाहो करत होती.

परवा सकाळी बहिणीकडे गेलो. बहीण कामावर गेली होती. स्वयंपाकघरात बहिणीची मुलगी भाजी निवडत बसली होती. मी बाहेरच्या खोलीत जाऊन खिशातून ताईने निघताना दिलेली फोन नंबरांची यादी काढली आणि त्यावरचा त्या खोलीचा नंबर लावला. तिकडे दुपार असणार. बराच वेळ घंटी वाजली.

"हॅलो," किल्लीवाली म्हणाल्या.

मी माझं नाव सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

"सगळे बरे आहेत," त्या म्हणाल्या. "गाणारा गातो. दहावी मात्र एका जागी बसत नाही. सारखी दारापर्यंत येते."

त्यांच्या मागे ती पोकळ लाकडी जमीन ऐकू येत होती. मी फोन कानाला घट्ट धरला.

एक भरलेलं. एक अर्धं.

एक भरलेलं. एक अर्धं.

पावलं टेलिफोनपाशी येऊन थांबली. फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"ठकी?" मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं, "हो मामा?"

आणि कानात, हळू, थोडं दमलेलं, "बोल, लाकूडतोड्या."

मी बोललो. काय ते इथे सांगत नाही. तेरा वर्षं सांगायचं राहिलेलं सांगितलं, पावलांचं. मग फोन ठेवला. दुपारी पटाश्यांना धार लावली, नव्या चार घेतल्या आणि कुऱ्हाडीला नवा दांडा बसवला. व्हिसाचे कागद जुनेच चालतात, असं कार्यालयातल्या माणसाने सांगितलं. तिकीट गुरुवारचं मिळालंय. खुर्ची फुटली तर फोडीन, नाही फुटली तर ती तशीच खांद्यावर घेऊन येईन. शिडीचं ते भसाडं गाणंही आणता आलं तर आणणार आहे. बहिणीला मी एवढंच म्हणालो की काम अर्धं राहिलंय.

पिशवीत सगळ्यात वर, हाताला लगेच लागेल अशी, साडेतीन सुताची पाचर ठेवलीय. तिथून बस थांब्यापर्यंत बराच रस्ता आहे, तिला चालायला लागेल.